आबांची एस्टीम आणि कोइमतूरचा ट्रॅक

पत्राचा सारांश: वय ३१, चोपडा तालुक्यातलं गाव, नोकरी जळगावच्या एमआयडीसीत. घरच्या खळ्यात वडिलांची, म्हणजे आबांची, २००४ सालची मारुती एस्टीम तीन वर्षांपासून उभी आहे. पासिंग २०२४ मध्ये संपलं आणि पुढं कोणी पाहिलं नाही. मोबाईलवर कोइमतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोक जुन्या गाड्या पळवताना पाहिले तेव्हापासून आपलीही गाडी तिथं न्यायची, एवढंच डोक्यात आहे. ओळखीच्या मेस्तरींनी २ लाख ६० हजारांचा अंदाज दिलाय: इंजिन बोअर करून नवे रिंग-पिस्टन, हेड घासून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवणं, मोकळा सायलेन्सर, रुंद अलॉय आणि स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं. जवळ पावणेतीन लाख साठलेत. मोठा भाऊ म्हणतो भंगारात द्या, बायको म्हणते मुलगी दोन वर्षांची आहे, पैसे जपा, मित्र म्हणतात टर्बोच टाक. सरावासाठी रात्री बायपासवर दोन-तीनदा मित्राची गाडी जोरात पळवून पाहिली आहे. वडिलांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही. इंजिनाचं काम आधी करू, की ही विकून नवीन गाडी घेऊ?

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, आणि एका जागी काळजीही वाटली. काळजीचं आधी बोलतो. बायपासवरचा सराव आजपासून बंद करा. रात्रीच्या आपल्या रस्त्यांवर बिनदिव्यांचे ट्रॅक्टर असतात, केळीचे ट्रक वळत असतात, दुभाजकाच्या फटीतून माणूस अचानक समोर येतो. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, पुढं धोका असेल तर झेंडा दाखवणारा माणूस उभा असतो, रुग्णवाहिका थांबलेली असते. बायपासवर यातलं काहीही नाही. शिवाय तिथं फक्त सरळ पळवायला मिळतं. ट्रॅकवर खरं काम असतं ते वळणाआधी ब्रेक कुठं लावायचा याचं, आणि ते बायपासवर शिकता येत नाही.

आता मेस्तरींचा अंदाज. मी तो तीनदा वाचला. २ लाख ६० हजारांत ब्रेकवर एक रुपया नाही. रेडिएटरवर नाही, सस्पेन्शनच्या बुशांवर नाही, टायरच्या वयावर नाही. मेस्तरींना मी दोष देत नाही. तुम्ही त्यांना गाडी जोरात पळवायची आहे असं सांगितलं असणार आणि त्यांनी त्याचाच हिशेब दिला. पण तुमच्या प्रश्नातही तेच गृहीत आहे: जुनी गाडी ट्रॅकवर न्यायची तर आधी तिची ताकद वाढवायला हवी. हे गृहीत मला तपासून पाहावंसं वाटतं, कारण असाच विचार करणारे बरेच जण मला भेटतात.

तुमची एस्टीम २००४ ची, म्हणजे एमपीएफआय, प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारी. तेराशे सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. १९९४ ते २००७ पर्यंत ही गाडी बनत होती आणि आपल्या देशात हौशी शर्यतींत ती खूप पळाली आहे. फॉर्म्युला एलजीबीच्या एका आसनी शर्यतीच्या गाड्यांतही सुझुकीचंच तेराशे सीसीचं इंजिन बसवलं जातं. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरच्या थोडा वर, वळणावळणांचा. नवशिक्याला तिथं ८५ अश्वशक्ती कमी पडत नाही. जे कमी पडतं ते वेगळंच असतं, आणि पहिल्याच सत्रात तिसऱ्या-चौथ्या फेरीला ते पायाखाली कळतं.

ते कसं कळतं ते स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. बरीच वर्षं झाली. औरंगाबादहून परतताना कन्नडचा घाट उतरत होतो. बायको आणि दोन्ही मुलं गाडीत. उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवून ठेवूनच येत होतो. खालच्या वळणांपैकी एकात पेडल दाबलं आणि ते थेट फरशीला टेकलं. पायाला काहीच लागलं नाही, पिठात पाय बुडावा तसं. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. कोणाला लागलं नाही. अर्ध्या तासानं ब्रेक पुन्हा नीट लागत होता, आणि तेव्हा मला कारण कळलं. ब्रेक ऑईल मी चार वर्षं बदललेलं नव्हतं. चूक पूर्ण माझी.

झालं असं होतं की ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. पाणी शिरलं की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचं नवं ब्रेक ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं मात्र १४० ला उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑईल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो, चाकापर्यंत पोहोचत नाही. घाटात जे वीस मिनिटांत झालं ते ट्रॅकवर पाच मिनिटांत होतं, कारण तिथं दर वळणाआधी जोरात ब्रेक लागतो आणि थंड व्हायला वेळ मिळत नाही.

म्हणून तुमचा पहिला खर्च इथं करा. सगळं जुनं ऑईल काढून ताजं डॉट ४ भरा, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून. पुढच्या डिस्कची जाडी मोजा, किमान जाडीपेक्षा कमी असतील तर बदला. पॅड चांगल्या प्रतीचे घ्या. गाडी तीन वर्षं उभी आहे, म्हणजे कॅलिपरचे पिस्टन आणि मागच्या ड्रममधले सिलिंडर अडकलेले असण्याची शक्यता मोठी. त्यांचे रबर किट बदला. पुढच्या रबरी नळ्या वीस वर्षांच्या असतील तर त्यांवर विश्वास ठेवू नका. या सगळ्याला इंजिन बोअर करण्याच्या तुलनेत फार कमी पैसे लागतात.

दुसरं, गरमी. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, हे मी जळगावकरांना सांगायला नको. आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांत मला नेहमी तीन गोष्टी सापडतात. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं क्षाराचं पाणी भरलेलं असतं, त्यानं आतल्या नळ्यांना थर चढतो, चहाच्या भांड्याला चढतो तसा. थर्मोस्टॅट, म्हणजे गरमीप्रमाणे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, कोणीतरी काढून फेकलेला असतो, गाडी गरम होते म्हणून. आणि फॅन डायरेक्ट, म्हणजे सेन्सरशिवाय सतत चालणारा, केलेला असतो, कारण सेन्सर बिघडला होता. गावात चालवायला हे चालून जातं. ट्रॅकवर पाच हजार आरपीएमला सलग पंधरा मिनिटं पळणाऱ्या इंजिनाला नाही. रेडिएटर साफ करा किंवा नवा बसवा, थर्मोस्टॅट आणि फॅनचा सेन्सर परत लावा, कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा. आणि हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं मेस्तरींचं काम तर मुळीच करू नका. कॉम्प्रेशन वाढलं की इंजिनात ठोके येण्याचा धोका वाढतो, आणि गरमीत तो आणखी वाढतो.

इंजिन बोअर करायचं की नाही, हे उघडण्याआधी ठरवता येतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजून घ्या. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, ऑईल जळत नसेल, निळा धूर येत नसेल, तर ते इंजिन उघडू नका. नवा टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, प्लग, फिल्टर, ऑईल एवढंच. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असला तर उघडायचा विचार करा. मेस्तरींना हे सांगाल तेव्हा त्यांना वाईट वाटू देऊ नका. चांगला मेस्तरी मोजून दाखवायला नाही म्हणत नाही.

गाडी सुरू करायची घाई मात्र करू नका. टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल आधी काढा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला. खळ्यात उभी होती म्हणजे उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असणार, एअर फिल्टरच्या डब्यात घरटंही सापडेल. हे मी अनेकदा पाहिलंय.

बुश, बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरची माउंटिंग, इंजिनाची माउंटिंग: वीस वर्षांचं रबर कडक होऊन तडकतं आणि गाडी वळणात स्वतःहून थोडी फिरते. हे सगळं नवं घातलं की एस्टीम काय गाडी होती ते तुम्हाला नव्यानं कळेल. स्प्रिंग कापू नका. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते, शॉकअप खाली आपटतो, आणि ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर चाक गेलं की गाडी उडते. रुंद अलॉयही तूर्त नको. १३ इंची चांगले, ताजे टायर घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी सहा वर्षांवरचा टायर ट्रॅकवर नको. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, तर नकोच नको.

टर्बोबद्दल मित्रांना सांगा की त्यानं क्लच, गिअरबॉक्स, इंधनाचा हिशेब, कूलिंग सगळं बदलावं लागतं. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. रस्त्यावर चालणारी गाडी आणि शर्यतीची गाडी ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. गाडीत शर्यतीच्या गाड्यांसारखा लोखंडी पिंजरा बसवून घरच्यांना त्यातून बाजाराला नेणं तर थेट धोक्याचं आहे. हेल्मेट नसताना डोकं त्या पाइपावर आपटतं.

कागदांचंही आताच पाहा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी, विमा, जास्त सुरक्षेची नंबरप्लेट, हे सगळं एका फेरीत जळगावच्या आरटीओत उरकून घ्या. आणि विम्याची पॉलिसी उघडून वापराच्या मर्यादा वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर खर्च पूर्ण तुमच्या खिशातून जाणार.

इथंच मी तुमच्या खऱ्या प्रश्नापाशी येतो. तुम्ही पत्रात एक ओळ लिहिली आणि पुढं निघून गेलात: याच गाडीतून आबा दरवर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताईला आणायला जायचे. ती ओळ मी परत परत वाचली. ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. ही गाडी आज संध्याकाळी भंगारात द्यावी लागली तर चालेल का? नवशिक्याची गाडी ट्रॅकवरून घसरते, इंजिन जातं, पत्रा चेपतो. रोज होत नाही, पण होतं. ज्या गाडीचं उत्तर ‘चालेल’ असं येतं ती ट्रॅकवर न्यावी. तुमच्या गाडीचं उत्तर तुम्ही एकट्यानं देऊ शकत नाही. आरसी बुकावर नाव आबांचं आहे, आणि आठवणीही त्यांच्या.

आबा बहुतेक ‘घेऊन जा’ म्हणतील, बाप तेच म्हणतो. पण त्यांना विचारताना भिंतीला लागण्याचीही शक्यता सांगा. कोइमतूर म्हटलं की त्यांना दूरचं शहर आठवेल, तिथं नेमकं काय करणार आहात ते समजावून सांगा.

तुम्हाला गाडी प्रिय आहे की ट्रॅक, हेही तपासायला हवं. दोन्ही असू शकतं, पण दोन्हींचा खर्च वेगळा. त्यासाठी माझा आग्रह आहे: एस्टीमला हात लावायच्या आधी एकदा रेल्वेनं जा. कोइमतूर आणि चेन्नई दोन्हीकडं शर्यत शिकवणाऱ्या शाळा आहेत, त्या आपल्याच गाड्या देतात आणि शिकवतात. चेन्नईचा ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला आहे, ३.७ किलोमीटरचा. एक-दोन दिवसांचं शिक्षण घ्या. परतताना भुसावळ येईपर्यंत मनात अजून ट्रॅकच फिरत असेल, तर पुढं जा. पोटात मळमळलं आणि भीती वाटली असेल, तर तेही कळलेलं चांगलं. गाडी घरी नीट करून घ्या, तिच्यात आखाजीला ताईला आणा, आणि पैसे मुलीसाठी ठेवा. वहिनींना ही पायरी सांगितलीत तर त्याही ऐकतील, असं मला वाटतं. अडीच लाखांचा हट्ट एकदम समोर आला की कुठलीही बायको नाही म्हणेल. आधी एकदा बघून येतो, हे वेगळं बोलणं आहे.

पुढं जायचं ठरलं तर दोन वाटा आहेत. आबांनी मनापासून हो म्हटलं तर वरची सगळी कामं करून हीच एस्टीम. त्यांच्या मनात चलबिचल दिसली तर ट्रॅकसाठी दुसरी जुनी एस्टीम, बलेनो किंवा झेन शोधा, इंजिन बरं आणि पत्रा गंजलेला नसलेली. आपल्या कोरड्या हवेतल्या गाड्यांना समुद्रकाठच्या गाड्यांइतका गंज नसतो, म्हणून आधी धुळे-जळगाव-नंदुरबारकडंच बघा, एमएच १९, एमएच १८, एमएच ३९ च्याच नंबरांत. तुमची एस्टीम तेव्हा घरची गाडी होईल. नवी गाडी घेण्याचा विचार मात्र सोडा. कर्जावरची गाडी ट्रॅकवर नेणाऱ्याला झोप लागत नाही.

नेणं-आणणंही हिशेबात धरा. खान्देशातून कोइमतूर हजार-बाराशे किलोमीटरच्या पुढं आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरच्या थोडा वर, फार वेगवान, पहिल्यांदा तो नकोच. शिवाय दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न न्यायालयात बदलत राहिलाय, तिथं वीस वर्षांची गाडी चालवत नेण्याचा विचार करू नका. आपल्याला जवळचं म्हणजे सेंधव्यामार्गे पिथमपूर, पण तिथलं नॅट्रॅक्स हे वाहनचाचणीचं केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक असला तरी आपण सकाळी उठून जावं असं ते नाही. तेव्हा ज्या गाडीनं जाणार तिच्यावर परतण्याची भिस्त ठेवू नका. टोचनचे किंवा ट्रेलरचे पैसे बाजूला काढूनच निघा. जमल्यास दोघं-तिघं मिळून जा, हत्यारांची पेटी एकाची, गाडी एकाची.

त्या दिवशी काय करायचं ते थोडक्यात. इंजिन ऑईल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेलं असू द्या, लांब वळणात ते एका बाजूला सरकतं. पहिल्या सत्रानंतर चाकांचे नट पान्यानं परत आवळा. टायर गरम असतानाच त्यांची हवा मोजा. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता हळू काढा, म्हणजे सगळं थंड होईल. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. हेल्मेट चांगलं घ्या, तिथं पैसे वाचवू नका. अंगावर पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायात पातळ तळव्याचे बूट. मागच्याला पुढं जाऊ द्यायला लाज वाटू देऊ नका, निळा झेंडा त्यासाठीच असतो. आणि पाणी पीत राहा. घामानं थकलेला माणूस ब्रेक उशिरा लावतो.

या रविवारी फक्त तीन कामं करा. खळ्यात जाऊन ब्रेक ऑईलचं झाकण उघडा आणि रंग पाहा, चहासारखा तपकिरी असेल तर किती जुनं आहे ते कळेलच. चारही टायरांवरचे ते चार आकडे वहीत लिहा. आणि आबांना गाडीपाशी बोलवा, त्यांच्या हातात किल्ली द्या आणि मगच विषय काढा. ते काय म्हणाले, ते मला नक्की कळवा.